आरओटीसी करता करता वेस्ट पॉइंटचा अर्ज

आमच्या ओळखीतल्या दोन-तीन घरांमधून सध्या एकच विचारणा होतेय, की मुलगा नाहीतर मुलगी कॉलेजमध्ये आरओटीसी (शिकता शिकता आर्मी ऑफिसर व्हायचं प्रशिक्षण) करतेय आणि आता मध्येच म्हणतेय वेस्ट पॉइंटला, म्हणजे अमेरिकन आर्मीच्या अकॅडमीला, अर्ज करते, तर असं करता येतं का आणि करू द्यावं का. आमची लेक सध्या याच सगळ्यातून जातेय त्यामुळे फोन मलाच येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

करता येतं. वयात बसत असाल (ते वय अकॅडमीत जायच्या वर्षाच्या १ जुलैला धरतात), अमेरिकेचे नागरिक असाल, लग्न झालेलं नसेल, कुणाची जबाबदारी अंगावर नसेल, तर कॉलेजमध्ये असलात तरी चालतं.

भारतातल्या नातेवाइकांना आरओटीसी म्हणजे एनसीसी वाटतं. दिसायला आहेही तसंच, उजाडायच्या आत पीटी, आठवड्यातून एकदा लॅब (म्हणजे मैदानावरचा लष्करी सराव), मिलिटरी सायन्सचा क्लास. पण एनसीसीच्या सर्टिफिकेटनंतरही एसएसबीची निवड चाचणी आणि अकॅडमी बाकी असतेच, इथे मात्र आरओटीसी पूर्ण करून डिग्री घेतली की मूल थेट सेकंड लेफ्टनंट होतं. वेस्ट पॉइंटहून बाहेर पडणारं मूलही सेकंड लेफ्टनंटच होतं. हुद्दा तोच, खांद्यावरची पट्टी तीच, आणि अमेरिकन आर्मीत सगळ्यात जास्त ऑफिसर आरओटीसीतूनच येतात. त्यामुळे "आरओटीसी म्हणजे अकॅडमी नाही मिळाली म्हणून घेतलेलं" असं जे आपल्याकडे पार्ट्यांमध्ये बोललं जातं ते मला अजिबात पटत नाही. कॉलिन पॉवेल न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये आरओटीसी करून १९५८ मध्ये लेफ्टनंट झाले आणि १९८९ मध्ये जॉइंट चीफ्स ऑफ स्टाफचे चेअरमन, म्हणजे अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी अधिकारी. ते वेस्ट पॉइंटला शिकायला गेलेच नव्हते.

मग तरीही अर्ज का करायचा? हाच प्रश्न सगळ्यात मोठा आहे आणि तो मुलांना विचारला जातोच. आमच्या काँग्रेसमनच्या (इथला खासदार) ऑफिसच्या नॉमिनेशनसाठी मुलाखत घेणाऱ्या पॅनेलने (नॉमिनेशनचं पुढे सांगते) हिला, म्हणजे माझ्या लेकीला, पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, तू आधीच ऑफिसर व्हायच्या मार्गावर आहेस, मग परत पहिल्यापासून का? हिने सांगितलं, आरओटीसीत मी आठवड्यातले काही तास कॅडेट असते आणि बाकी वेळ विद्यार्थी, मला ते चोवीस तास हवंय, माझ्या आजूबाजूच्या सगळ्यांनाही तेच हवं असेल अशी जागा हवीय. मला हे उत्तर फार आवडलं, कारण त्यात कॉलेजबद्दल तक्रार नव्हती आणि नावाची हावही नव्हती. ज्या मुलांना फक्त वेस्ट पॉइंटचं नाव हवंय त्यांना या प्रश्नावर बोलायला जड जातं, आणि फी लागत नाही, पगार मिळतो हे खरं असलं तरी तेवढ्यावर ती चार वर्षं निघत नाहीत.

आणि "परत पहिल्यापासून" हे अगदी शब्दशः घ्या. कॉलेजात एक वर्ष झालं असो की दोन, तिथे गेल्यावर तुम्ही प्लीब, म्हणजे पहिल्या वर्षाचे, उन्हाळ्यातल्या बीस्ट बॅरॅक्सपासून, म्हणजे नवीन कॅडेटांच्या खडतर प्राथमिक प्रशिक्षणापासून, सुरुवात. एखाद्या विषयात सूट मिळू शकते पण चार वर्षांची तीन होत नाहीत. हिच्या शाळेतल्या मैत्रिणी हिच्याआधी ग्रॅज्युएट होतील, आणि हे तिला डोळ्यांसमोर दिसत असूनही तिने अर्ज केला. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन जनरल जॉर्ज पॅटन हे याचं जुनं उदाहरण, १९०३ ला व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमध्ये गेला, वर्षभराने वेस्ट पॉइंटला, तिथे गणितात अडकून पहिलं वर्ष पुन्हा करावं लागलं आणि १९०९ ला बाहेर पडला. म्हणजे तीन वेळा पहिलं वर्ष!

आता नॉमिनेशन. अकॅडमीला नुसता अर्ज करून भागत नाही, कुणीतरी नॉमिनेट करावं लागतं. आपला काँग्रेसमन, राज्याचे दोन्ही सिनेटर, व्हाइस प्रेसिडेंट, या सगळ्यांकडे वेगवेगळे अर्ज करायचे. एका खासदाराचे एका अकॅडमीत एका वेळी पाचच कॅडेट असू शकतात त्यामुळे त्याच्याकडे दरवर्षी फार जागा सुटत नाहीत. आरओटीसीच्या मुलांना इथे एक जास्तीचं दार आहे, त्यांच्या युनिटचे प्रोफेसर ऑफ मिलिटरी सायन्स त्यांना नॉमिनेट करू शकतात. या वाटेने वर्षाला जास्तीत जास्त २० जागा, त्याही देशभरातले आरओटीसीवाले आणि ठरावीक ऑनर मिलिटरी स्कूल्स मिळून. म्हणून हे दार आहे म्हणून बाकीचे अर्ज सोडू नका, सगळीकडे करा.

याच कारणाने युनिटपासून लपवायचं नाही. मुलांना भीती वाटते की सरांना (म्हणजे याच प्रोफेसर ऑफ मिलिटरी सायन्सना) कळलं तर आपल्याला "जाणारी" म्हणून बाजूला काढतील. हिने पहिल्याच सेमिस्टरमध्ये जाऊन स्पष्ट सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, अर्ज कर, मी लिहीन, पण मला तू इथे अर्ध्या मनाने दिसता कामा नयेस. त्यानंतर तिने रेंजर चॅलेंज या आरओटीसीतल्या लष्करी कौशल्यांच्या स्पर्धेच्या टीमसाठी प्रयत्न केला आणि टीममध्ये आलीसुद्धा. माझ्या मते हीच खरी गोम आहे, आरओटीसीला वेटिंग रूम समजणाऱ्या मुलाबद्दल कुठले सर मनापासून चांगलं लिहितील?

कॉलेजात आहोत म्हणून हायस्कूल मागे पडलं असंही नाही. हायस्कूलची ट्रान्सक्रिप्ट, एसएटी किंवा एसीटी, सगळं परत मागतात, शिवाय कॉलेजचे ग्रेड. हायस्कूलमध्ये जरा कमी पडलेल्या मुलांना कॉलेजच्या चांगल्या ग्रेड्सचा इथे खरा उपयोग होतो, पण मग कॅल्क्युलस, केमिस्ट्री असे विषय घेतलेले असावेत, सोपे विषय घेऊन मिळवलेला ए कुणाला फारसा पटत नाही.

अर्जासोबतच्या फिटनेस टेस्टचं मात्र मला नवल वाटलं. सहा प्रकार, ठरलेल्या क्रमाने, एकामागोमाग एक. पहिलाच प्रकार बास्केटबॉल फेकायचा, तो पण दोन्ही गुडघ्यांवर बसून, एका हाताने, डोक्यावरून. पायांचा जोर मिळतच नाही, सगळं पोट आणि खांदा. हिच्या आरओटीसीच्या पीटीत हे कधीच नव्हतं, त्यामुळे पळण्यात पटाईत असलेली माझी लेक सुट्टीत घरी आली की ड्राइव्हवेवर गुडघ्याखाली जुना टॉवेल घालून बॉल फेकत बसायची आणि हिचा बाबा टेप घेऊन मोजायचा. मग पुलअप्स, शटल रन, सिटअप्स, पुशअप्स आणि शेवटी सगळं अंग पिळून निघालेलं असताना एक मैल पळायचं. हे सुटं सुटं जमतं म्हणून खूश होऊ नका, सलग करून बघा.

कधी अर्ज करावा म्हणाल तर पहिल्या वर्षातच. स्कॉलरशिपवाल्या मुलांची आरओटीसीतली बांधिलकी साधारण दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पक्की होते, त्यानंतर सुटायचं तर कागदपत्रं वाढतात. अकॅडमीत तिसरं वर्ष सुरू होईपर्यंत बाहेर पडता येतं, मग मात्र पदवीनंतर किमान ५ वर्षं ॲक्टिव्ह ड्यूटी. हे आकडे मुलांसोबत बसून वाचा, कारण सही मुलं करतात, आपण नाही.

मुलगी आहे म्हणून जपून विचार कर, असंही मला सांगितलं गेलं, आणि सांगणारे प्रेमानेच सांगत होते. वेस्ट पॉइंटला मुली १९७६ पासून आहेत, पहिली बॅच १९८० ला बाहेर पडली, म्हणजे माझ्या लेकीच्या आधी तिथे बायकांच्या दोन पिढ्या होऊन गेल्या. काळजी मला वाटतेच, पण ती आरओटीसीतही तेवढीच वाटते, नोकरी शेवटी तीच आहे.

सध्या हिची फाइल पूर्ण झालीय, मेडिकल पण झालंय, उत्तर यायचंय. तोवर पीटी चालू आहे, आणि पुढच्या वर्षाचे कॉलेजचे विषय आणि राहायची खोलीही तिने रीतसर नोंदवून ठेवलीय. तुमच्या मुलांनाही तेवढं करायला सांगा, अकॅडमीचं बोलावणं आलं तर खोली रद्द करता येते.