घड्याळाखाली

नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला शिकणाऱ्या भाचीनं बजावलं होतं, "मामा, रॉटरडॅमला उतरलास की बाहेर ये आणि घड्याळाखाली थांब. हलू नकोस."

थांबलो. डोक्यावर २०१४ सालच्या नव्या स्टेशनचं चकचकीत, तिरकं छत. पण त्यावरची 'सेंट्राल स्टेशन' (Centraal Station) ही अक्षरं आणि घड्याळ मात्र जुन्या वळणाचं. नव्या बंगल्याला आजोबांच्या नावाची पाटी लावावी तसं.

ते आजोबा म्हणजे जुन्या स्टेशनचे वास्तुकार, सिबोल्ड फान रावेस्टाइन. डेल्फ्टलाच इंजिनिअर झाले, रेल्वेत लागले. सुरुवातीच्या सिग्नल केबिन अगदी सरळसोट, फालतू काही नाही. पुढं मात्र हात वळणांवर गेला तो गेलाच! लाटेसारख्या रेषा, कमानी, छतावर पुतळे. आधुनिकांच्या पंगतीतल्यांनी नाकं मुरडली. रॉटरडॅमचं प्राणिसंग्रहालयही त्यांचंच. तिथल्या रहिवाशांची तक्रार ऐकिवात नाही. युद्धानंतर डेन बॉस, नायमेगेन आणि १९५७ साली हे रॉटरडॅम, अशी स्टेशनं त्यांनी उभी केली.

देवळात कळस बघायला मान वर होते. स्टेशनात होते ती गाडी किती लेट आहे ते बघायला. स्टेशन बांधणाऱ्याचं कौतुक करायला वेळ कुणाला? उट्रेख्तचं त्यांचं स्टेशन तर त्यांच्या हयातीतच पाडलं, शेजारी मोठं शॉपिंग सेंटर येत होतं म्हणून. १९८३ मध्ये ९४व्या वर्षी ते गेले. मागून डेन बॉसचंही गेलं. नायमेगेनचा मनोरा तेवढा अजून उभा आहे.

रॉटरडॅमची पाळी २००७ मध्ये आली. तेव्हा कुणा कलावंतानं दर्शनी भागावरची तीच रोमन अक्षरं उलटसुलट लावून नवे शब्द जुळवले : 'त्रान लातेन' (Traan laten). म्हणजे, ढाळा एक अश्रू. एरवी मान वर न करणाऱ्या गावानं त्या दिवसांत ती केली असणार. पाटी, घड्याळ आणि दोन दगडी शिल्पं नव्या स्टेशनात आली. त्या शिल्पांना लोक साच्यातल्या मसालेदार बिस्किटांचं नाव देऊन मोकळे झालेत : 'स्पेकुलास'. पुतळ्यांना खाऊचं नाव देणारं गाव मला तिथल्या तिथं आवडलं.

भाचीचा पत्ता नव्हता. मी बोटांवर हिशेब मांडला. पाटीवर अक्षरं पंधरा, अश्रूला लागली दहा. उरली कुठली? सी, एस, टी, आय, ओ.

पहिली तीन पुन्हा वाचली आणि भर रॉटरडॅमात एकटाच हसलो.

"मामा, काय झालं?" भाची धापा टाकत आली.

"काही नाही गं. सीएसटी आलं."