एकच गिअर, एकतीस किलोमीटर

ग्रॅव्हल राईडमध्ये, म्हणजे खडीच्या वाटांवरच्या सायकल सहलीत, माझं काम स्वीपचं. म्हणजे सगळ्यात मागे राहायचं, कुणी रेंगाळलं तर त्याच्याबरोबर रेंगाळायचं आणि काही मोडलं तर ते चालू करून द्यायचं. पुढचा गाईड तळ्यांचे फोटो काढतो. मला दिवसभर दिसतात ती पुढच्यांची मागची चाकं. त्यामुळे कुणाची चेन कोरडी पडलीय, कुणाचा टायर बसत चाललाय, हे मला त्या माणसाच्या आधी कळतं.

त्या दिवशी माझ्या पुढे होते साठी ओलांडलेले एक काका. पाय दणकट, पण सगळी वर्षं डांबरी रस्त्यावर रोडबाईक चालवण्यात गेलेली. सकाळी त्यांच्या टायरवर अंगठा दाबला तर दगड! 45 मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये त्यांनी 60 पीएसआय हवा कोंबली होती. त्यांच्या वजनाला 30-35 भरपूर झाली. टायर टणक असला की खडीवर बसत नाही, तिच्यावरून उड्या मारतो; ग्रिप जाते आणि संध्याकाळपर्यंत मनगटंही जातात. काकांनी कुरकुरत का होईना, हवा सोडू दिली. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, "काका, जादा हँगर आणलाय का?"

"तो काय असतो?"

मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेऊन गिअर बदलणारा भाग, फ्रेमला थेट लावलेला नसतो. मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा बोटभर तुकडा असतो, तो हँगर. तो मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे धक्का बसला की आधी तो वाकतो किंवा तुटतो आणि फ्रेम वाचते. अडचण एवढीच की पूर्वी जवळजवळ प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळ्या आकाराचा असायचा. 2019 मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने सगळ्यांना चालेल असा यूडीएच हँगर आणला आणि नव्या फ्रेमवर तो बराच रुळला. माझ्या पेटीत तो असतोच. काकांची फ्रेम मात्र त्याआधीची. माणसं चार-चार ट्यूब, दोन पंप, पावसाचं जॅकेट सगळं घेऊन येतात, आणि खिशात कुठेही मावेल असा हा तुकडा घरी ठेवतात. राईडच्या आधी पाठवलेल्या यादीत तो ठळक अक्षरांत असतो. असो.

आमचा रस्ता कधीकाळी हिमनद्या पसरलेल्या मुलखातला होता. बर्फाच्या थराखालून वाहणारं पाणी वाळू आणि गोटे वाहून आणतं आणि बर्फ वितळला की त्यांचा लांबच लांब, वळणावळणाचा बांध मागे उरतो. त्याला एस्कर म्हणतात. दोन्ही बाजूंना तळी आणि मधोमध या बांधाच्या माथ्यावरून खडीची वाट. पाणी लगेच झिरपून जातं, म्हणून पावसानंतरही ती घट्ट राहते. ग्रॅव्हल बाईकला याहून चांगलं काही नाही. टेकड्या मात्र फसव्या. एकेक जेमतेम चाळीस-पन्नास मीटर उंचीची, पण एक उतरली की दुसरी उभीच. दुपारपर्यंत मांड्या बोलायला लागतात.

अशाच एका टेकडीच्या उतारावर लाकूडतोड झाली होती आणि वाटेवर फांद्यांचा चुरा पडला होता. काकांच्या मागच्या चाकाने मनगटाएवढी एक काठी उचलली. ती डिरेलरच्या पिंजऱ्यात, म्हणजे चेन ज्यातून जाते त्या चौकटीत, शिरलेली मला दिसली. मी ओरडलो, "पॅडल थांबवा!" पण पाय सवयीने अर्धा फेरा फिरलेच. आधी कडकड, मग एकच टणत्कार. चाक जागच्या जागी जाम झालं आणि काका हँडल सांभाळत कसेबसे पाय टेकून उभे राहिले.

हँगर मधोमध तुटला होता. डिरेलर वर ओढला जाऊन स्पोकमध्ये अडकला होता, पिंजरा मुरगळलेला. वाकलेला हँगर हळूहळू सरळ करून वेळ मारून नेता येते. तुटलेल्याला इलाज नाही.

"गाडी बोलवा सरळ," काका म्हणाले.

फोनला रेंज होती. राईडबरोबरची मदतीची गाडी आम्हाला दिसू शकेल इतकी जवळ होती, समोरच्या काठावर, तळ्यापलीकडे जेमतेम दोन किलोमीटर. पण रस्त्याने तेच अंतर सव्वीस किलोमीटर, शेवटी जंगलखात्याचं बंद फाटक आणि त्यापुढे चालत. तळ्यांच्या मुलखात नकाशावरच्या सरळ रेषेला काही अर्थ नसतो. मुक्काम उरला होता एकतीस किलोमीटरवर.

"काका, बाईक एका गिअरवर करून देतो. चढावर ढकलावी लागेल, बाकी सगळं चालवता येईल."

"एका गिअरवर? या टेकड्यांत?"

मग मी त्यांना अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एम्पोरियाच्या शर्यतीबद्दल सांगितलं. 2006 मध्ये सुरू झालेली, आता अनबाउंड ग्रॅव्हल या नावाने चालते. मुख्य अंतर साधारण 320 किलोमीटर, तिथल्या खडीत गारगोटीचे असे धारदार तुकडे की टायरच्या कडा चिरतात. आणि त्यात सिंगलस्पीडवाल्यांचा वेगळा गट असतो. माणसं हौसेने एकाच गिअरवर उतरतात.

"हौसेने," काका तेवढंच म्हणाले आणि एका ओंडक्यावर बसले. मी होकार समजलो.

बाईक उलटी केली. आधी काठीचे तुकडे काढले, मग क्विक लिंक, म्हणजे चेनची उघडता येणारी कडी, उघडून चेन सोडवली. गिअरची केबल ढिली करून डिरेलर बाजूला केला आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने हँडलच्या बॅगेला बांधून टाकला. स्पोक एकेक बोटाने दाबून पाहिले. दोघांना ओरखडे होते, पण ताण शाबूत होता.

खरं काम पुढे. पुढे पॅडलपाशी 40 दातांची एकच चकती, म्हणजे चेनरिंग, मागे चाकावर 11 ते 42 ची अकरा चकत्यांची कॅसेट. चेन सरळ रेषेत यायला हवी म्हणून मधली चकती घ्यायची, इथे 21 दातांची. पॅडलच्या एका फेऱ्याला साधारण सव्वाचार मीटर. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी पंधराच्या आसपास. खडीवर तेवढा वेग पुरे.

चेन तोडताना घाई चालत नाही. क्विक लिंक ही बाहेरच्या कडीची जागा घेते, म्हणून चेनच्या दोन्ही टोकांना आतल्या कड्याच लागतात. म्हणजे चेन एका वेळी एक इंचानेच कमी करता येते. सिंगलस्पीडच्या खास फ्रेममध्ये चाक मागे सरकवून ताण जुळवतात. इथे चाकाची खाच उभी, चाक कुठेही सरकत नाही. कड्यांची एक जोडी जास्त ठेवली तर चेन लोंबते, काढली तर जोडताच येत नाही. मी थोडी ढिली ठेवली. मदतीला चेनरिंग होती: तिचे दात एक जाड, एक बारीक असे असतात, त्यामुळे पुढून चेन सहसा उतरत नाही.

धोका मागून असतो. कॅसेटच्या चकत्यांना कडेला उतार कोरलेले असतात, कारण गिअर बदलताना चेन सहज चढावी हेच त्यांचं काम. आवरायला डिरेलर नसला की चेन आपणहून शेजारच्या मोठ्या चकतीवर चढते आणि तारेसारखी ताणली जाते. म्हणून काकांना दोनच गोष्टी बजावल्या: पॅडल उलटं फिरवायचं नाही आणि उभं राहून जोर लावायचा नाही.

काका निघाले. रोडबाईकवर घोटलेलं गोल पॅडलिंग इथे कामी आलं. सपाटीवर ते असे एकसुरी चालले की मला मागून चेनचा आवाजही येईना. एका लांब पट्ट्यावर वॉशबोर्ड लागलं, वाटेवर उठलेली आडव्या लाटांची ती नक्षी. सुट्या मातीवरून चाकं ठरावीक वेगाच्या वर गेली की ती आपोआप तयार होते, कितीही सपाट केली तरी परत येते. तिथे चेन नुसती नाचत होती. मी श्वास धरून पाहत होतो, काका मात्र कोपर सैल सोडून पार. हवा कमी केल्याचं श्रेय मी मनातल्या मनात घेतलं.

चढ आला की उतरायचं आणि ढकलायचं. पहिल्या दोन टेकड्यांवर ते चिडलेले होते. तिसरीवर मला म्हणाले, "ढकलताना तरी तळं दिसतंय. सकाळपासून मी नुसती खडीच बघतोय."

शेवटच्या टेकडीच्या अलीकडे व्हायचं ते झालं. छोटा चढ होता, काकांना वाटलं मारून नेऊ. सीटवरून उठले आणि चेन 24 च्या चकतीवर चढून बसली. पॅडल इतकं जड झालं की ते जागीच थांबले. चेन बोटाने दाबली तर जराही हलेना. अशा ताणाखाली आणखी जोर लावला असता तर चेन तरी तुटली असती, नाही तर चाकाचा हब तरी गेला असता. मागचं चाक ढिलं करून चेन उतरवली, परत 21 वर बसवली. काका या वेळी काही बोलले नाहीत. चाक मात्र त्यांनीच धरून दिलं.

मुक्कामावर पोचायला उशीर झाला, पण उजेड होता. फ्रेम धुऊन हँगरची जागा टॉर्चच्या उजेडात तपासली: कुठे तडा नाही, स्क्रूचे आटे साफ. डिरेलर मात्र बाद. हँगर मागवला, तो यायला वेळ लागणार होता.

दुसऱ्या दिवसाचा रस्ता बराचसा तळ्याकाठचा, सपाट. काका सकाळी तयार होऊन त्याच बाईकपाशी उभे. "आजही एका गिअरवरच जातो. सवय झाली आता." मी नाही म्हणालो, घसरून चढणाऱ्या चेनवर आणखी एक दिवस मी कुणालाही पाठवत नाही. त्यांना जादाची बाईक दिली, अकराच्या अकरा गिअरची. तिचं सीट कसं चुकीचं आहे, हे ते मला तळ्याला पूर्ण वळसा होईपर्यंत सांगत होते.