वाढलेल्या बांगड्या

बांगडी फुटली असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही. बांगडी वाढली म्हणायचं. जसा नारळ वाढवायचा, दुकान वाढवायचं, तशीच बांगडी. लहानपणी मी एकदा अंगणात पडले आणि "आई, बांगड्या फुटल्या" म्हणून ओरडले, तर आजीने आधी माझ्या तोंडावर हात ठेवला आणि मग मनगटातलं रक्त पाहिलं. हे सगळं मला या डिसेंबरात चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये आठवलं. समोर सिमेंटच्या बायका रांगेने उभ्या होत्या आणि त्यांच्या अंगावर गळ्यापासून घोट्यापर्यंत वाढलेल्या बांगड्याच होत्या. हिरव्या, लाल, मोरपंखी, काही नुसत्याच पांढुरक्या.

शिमला-मनालीबद्दल मी फार लिहीत नाही. थंडी होती, माल रोडवर गर्दी होती, आईचे गुडघे दुखले, आणि तिसऱ्या दिवसापासून सगळ्या बसला वरणभाताची आठवण यायला लागली. सहलीच्या शेवटच्या दिवशी चंदीगड होतं. कागदावर लिहिलं होतं : रॉक गार्डन, पाऊण तास.

पाऊण तासात ती जागा बघून होत नाही, हे कुणीतरी सहल आखणाऱ्यांना सांगायला हवं. वाटा अरुंद, दोन्ही बाजूंना उंच भिंती, मागून लोक ढकलतात. दर दहा पावलांवर कुणीतरी फोटोसाठी थांबतं आणि सगळी रांग तुंबते. एका बापाने आपल्या मुलाला चक्क एका पुतळ्याच्या खांद्यावर बसवलं. एका बाईने कुरकुऱ्यांचं रिकामं पाकीट घडी घालून भिंतीतल्या कोनाड्यात खोचलं, अगदी देव्हाऱ्यात फूल ठेवावं तसं. मी ते काढून पर्समध्ये टाकलं आणि तिच्याकडे रागाने पाहिलं, पण बोलले नाही. बोलायला हवं होतं. आमचा सहलप्रमुख शिट्टी वाजवत होता, "चला काकू, चला मावशी, पुढे लेक आहे, लेकवर फोटो छान येतात."

मग धुकं पावलं. संध्याकाळची गाडी पाच तास उशिराने सुटणार असा निरोप आला. बाकी सगळे सेक्टर 17 च्या बाजारात स्वेटर घ्यायला गेले. आई म्हणाली, "मला त्या बायका परत बघायच्यात." ऑटोवाल्याने दीडशे सांगितले होते. उतरताना आईला दोन्ही हातांनी दांडा धरून खाली पाय टाकताना पाहिलं आणि शंभरच घेतले. पंजाबात अशी माणसं मला फार भेटली, त्याबद्दल कुणी वेगळं मत दिलं तर मी भांडेन.

पुन्हा 30 रुपयांची दोन तिकिटं काढली. चार वाजले होते, उन्हं तिरपी झाली होती, सहलीच्या बसेस निघून गेल्या होत्या. आता ती जागा खरी दिसायला लागली.

दारं मुद्दाम बुटकी आहेत. वाकल्याशिवाय आत जाताच येत नाही. "गाभाऱ्यात शिरल्यासारखं वाटतं," आई म्हणाली आणि प्रत्येक दाराशी तिचा हात आपोआप उंबऱ्याकडे जायला लागला. एक भिंत विजेच्या जुन्या चिनीमातीच्या सॉकेटांची. एक नुसत्या मडक्यांची. एक डांबराच्या पिंपांची. वॉशबेसिनच्या, कमोडच्या पांढऱ्या कपच्या तर जागोजागी, आणि ओल्या उन्हात त्या इतक्या स्वच्छ दिसतात की त्या कशाच्या आहेत हे कळल्यावरही हात लावावासा वाटतो.

हे सगळं नेकचंद सैनी या माणसाने उभं केलं. जन्म 1924 चा, गाव आता पाकिस्तानात. फाळणीत घरदार सोडून आलेले. चंदीगड बांधलं जात असताना सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. दिवसा शहर आखणाऱ्या वास्तुविशारद ली कॉर्बुझिएच्या आराखड्याप्रमाणे सरळ रेषेतले रस्ते करायचे, आणि काम संपलं की सायकलवर दगड आणि भंगार लादून सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात यायचे. त्या जंगलात काहीही बांधायला बंदी होती. तिथे त्यांनी 1957-58 च्या सुमारास एक झोपडी घातली आणि लहानपणी ऐकलेल्या राजाराण्यांच्या गोष्टींतलं राज्य मांडायला घेतलं. जवळजवळ 18 वर्षं हे गुपचूप चाललं होतं.

पण भंगार आलं कुठून? हे मला पहिल्या फेरीत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. चंदीगड मोकळ्या माळावर उभं राहिलेलं नाही. तिथे वीसहून जास्त गावं होती. नवं शहर यायचं म्हणून ती उठवली, घरं पाडली. त्या घरांतली मडकी, बश्या, कौलं, दाराच्या चौकटी, बायकांच्या बांगड्या, सगळं ढिगाऱ्यात गेलं. स्वतःचं गाव गमावून आलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या गावांचा ढिगारा सायकलवरून वाहून आणला. मी त्या भिंतींकडे आधी टाकाऊतून टिकाऊ म्हणून बघत होते, शाळेत हस्तकलेच्या तासाला करतात तसं. या माहितीनंतर ते शक्यच नव्हतं. कुणाच्या तरी चुलीपुढची बशी आहे ती.

चंदीगडच्या मूळ जाहीरनाम्यात एक कलम आहे, शहरात आणि बागांत व्यक्तींचे पुतळे उभारायचे नाहीत. चौकाचौकात पुतळा बघायची सवय असलेल्या माझ्यासारखीला हे कलम वाचून बरं वाटलं होतं. आणि त्याच शहराच्या कडेला हे हजारो पुतळे, एकाच्याही पायाशी नाव नाही. पाणी भरणाऱ्या, पोर कडेवर घेतलेल्या, नुसत्याच वाट बघत उभ्या असलेल्या बाया. ज्यांना गाव सोडून जावं लागलं त्या कशा दिसत असतील, तर अशाच.

1975 साली सरकारी माणसांना हे राज्य सापडलं. बेकायदा बांधकाम म्हणून ते पाडताही आलं असतं. पण बघायला लोकांची रीघ लागली, लोक नेकचंदांच्या बाजूने उभे राहिले, आणि 24 जानेवारी 1976 ला ते सगळ्यांसाठी खुलं झालं. नेकचंदांना तिथेच पगारी नेमलं, हाताखाली 50 मजूर दिले. शहरात टाकाऊ वस्तू गोळा करायची केंद्रं सुरू झाली. 1984 मध्ये पद्मश्री. 2015 च्या जूनमध्ये ते गेले.

आई त्या बांगड्यांच्या बायकांसमोर किती वेळ उभी होती मला सांगता येणार नाही. मी दोनदा बसायला जागा दाखवली, तिने ऐकलं नाही. जवळून बघितलं की कळतं, बांगडीचे अर्धगोल तुकडे ओल्या सिमेंटात एकाला एक लागून रोवलेत, त्यामुळे अंगावर चुण्या पडलेलं वस्त्र असल्यासारखं दिसतं. आई एकेक ओळखत होती. "ही बघ, आपल्या कासारणीकडे असायची तसली रेशमी. ही जाड हिरवी लग्नातली. आणि ही लहान मुलीची आहे गं, केवढासा घेर."

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. एरवी बांगडी वाढली म्हणणाऱ्या आमच्या नात्यातल्या बायका त्या दिवशी मात्र फोडायच्या असंच म्हणाल्या. मी दारात उभी राहून भांडले होते. आईच मला "राहू दे" म्हणाली आणि तिने हात पुढे केला. तेव्हापासून तिने काच घातलेली नाही. मी आणलेल्या बांगड्या कपाटात तशाच आहेत.

"ह्यांच्या बांगड्या आता कुणी उतरवणार नाही," ती म्हणाली. माझ्याशी बोलत होती असं मला वाटलं नाही.

पुढच्या वळणावर एक मिस्त्री कठड्याची डागडुजी करत बसला होता. घमेल्यात कालवलेलं सिमेंट, बाजूला गोणपाटावर फुटक्या कपबश्यांचा ढीग. त्याने एक बशी उचलली, गोणपाटाच्या घडीत धरली म्हणजे कपच्या उडू नयेत, आणि हातोडीने एकच टोला घातला. घडी उघडली, निळ्या फुलाचा तुकडा निवडला, शेजारच्या तुकड्याला कड मिळेपर्यंत तो चारदा फिरवला आणि अंगठ्याने दाबला. वर आलेलं सिमेंट ओल्या बोळ्याने पुसून घेतलं. मग पुढचा. घाई नव्हती.

आई पायरीवर टेकली. "ये टूटेला कप किधर से आता है?"

"घरों से, माताजी. होटलों से. जो आप लोग फेंक देते हो."

आईला तेवढंच निमित्त पुरलं. तिने आपल्या हिंदीत त्याला आमच्या गच्चीची सगळी हकीकत सांगितली. पुण्यात आमची इमारत बांधली तेव्हा गच्चीवर पांढऱ्या कपच्यांची फरशी घातली होती, गच्ची तापू नये आणि गळू नये म्हणून घालतात ती. तेव्हा आईने लग्नातल्या कपबश्यांच्या सेटमधले फुटके तुकडे मिस्त्रीला नेऊन दिले आणि पाण्याच्या टाकीजवळ त्याच्याकडून त्यांचं एक फूल करून घेतलं. निळ्या काठाचे तुकडे होते ते. आम्ही भावंडं त्या फुलावर उभं राहून पतंग उडवायचो. बाबा उन्हाळ्यात तिथेच पापड राखत बसायचे.

मिस्त्रीने काम थांबवून सगळं ऐकलं आणि विचारलं, "अब वो छत कहाँ है?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी आमची इमारत पुनर्विकासाला गेली. संमतीच्या कागदावर पहिली सही माझी. बैठकांमध्ये मी चटई क्षेत्र किती वाढणार विचारलं, पार्किंग विचारलं, भाडं किती महिने मिळणार ते तर तीनदा विचारलं. पाडलेल्या इमारतीचं काय होणार हे मी एकदाही विचारलं नाही. राडारोडा रात्री ट्रकने गेला. नंतर नदीकाठून जाताना मातीविटांचे ढीग दिसायचे, पाण्याला लागून, वर कुठे दाराची चौकट, कुठे सिंकचा तुकडा. ते आमचेच असतील असं नाही. पण कुणाच्या तरी घराचे होतेच, आणि पावसाळ्यात त्याच नदीला पूर आला की मी घरात बसून पालिकेला नावं ठेवत होते. एवढी पर्यावरणाची काळजी करणारी मी, कापडी पिशवी घेतल्याशिवाय भाजीला जात नाही. ठेकेदाराला एक फोन करायला मला काय झालं होतं? आईचं फूल तरी काढून घ्यायचं. दोन तासांचं काम होतं. तिने कधी तक्रार केली नाही म्हणून मला वाटलं, तिच्या लक्षात नाही.

"ट्रक में गई," आई मिस्त्रीला म्हणाली. त्याने मान हलवली आणि ढिगातून एक निळ्या काठाचा तुकडा उचलून तिच्या हातात दिला. तिने तो हातात फिरवून पाहिला, मग कठड्यावरच्या ओल्या सिमेंटात एका जागेवर बोट ठेवलं. त्याने थोडी जागा करून दिली. आईने तुकडा दाबला. वाकडा बसला होता, तरी त्याने सरळ केला नाही.

मला त्या जागेची आता धास्ती वाटते. 1990 च्या सुमारास तिथे एकदा बुलडोझर आले होते, तेव्हा चंदीगडकरांनी हातात हात धरून साखळी केली आणि ते परत पाठवले. आणि 2025 च्या मार्चमध्ये बागेच्या तिसऱ्या भागाकडची भिंत थोडी पाडलीच, शेजारच्या उच्च न्यायालयाकडचा रस्ता रुंद करायला आणि वाहनतळासाठी. लोकांनी विरोध केला, झाडांसाठीही केला. गाड्यांना जागा हवी हे मला कळतं, आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी त्यावरून भांडणं होतात. पण ज्या शहराने स्वतःचा ढिगारा इतक्या मायेने राखला, त्याच्याकडून मला हे अपेक्षित नव्हतं.

परतीचा ऑटो त्याच बाजूने गेला. अंधार पडला होता, धुकं उतरायला लागलं होतं, दिव्यांचे नुसते पिवळे गोळे दिसत होते. मी आईला म्हटलं, "ती पाडलेली भिंत इथेच कुठेतरी होती बघ." तिने शाल सारखी केली आणि पुढे वाकून ऑटोवाल्याच्या खांद्याला हात लावला.

"भैया, वो दीवार तोडा ना, उसका सब तुकडा किधर डाला?"

त्याने आरशातून बघितलं. "पता नहीं, माताजी."

"किसको पूछने का?"

स्टेशन येईपर्यंत तो आणि आई त्यावरच बोलत होते.