एमटी-३२ आणि ४८६ : स्वर शिकवायला लागणारी पाच सेकंदे

माझ्या सदाशिव पेठेतल्या घरात ४८६ प्रोसेसरचा एक संगणक अजून चालू स्थितीत आहे आणि डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरचे जुने खेळ मी त्यावर आजही खेळतो. गेल्या महिन्यात त्याच्या शेजारी रोलँडचे एमटी-३२ हे साउंड मोड्यूल, म्हणजे पट्ट्या नसलेले इलेक्ट्रॉनिक वाद्य, आले. १९८७ साली बाजारात आलेले हे यंत्र मुळात घरगुती संगीतकारांसाठी होते. पण १९८८ साली सिएरा कंपनीने ‘किंग्ज क्वेस्ट ४’ या खेळाचे संगीत त्याच्यासाठी रचून घेतले आणि पुढची काही वर्षे चांगल्या खेळांचे संगीत याच यंत्रावर बसवले जाऊ लागले. ते संगीत ज्या आवाजात रचले गेले त्या आवाजात ऐकावे, ही माझी फार दिवसांची इच्छा होती.

मोड्यूल जपानमधून आले असल्याने त्याच्यासोबतचा अ‍ॅडॉप्टर १०० व्होल्टचा होता, आणि तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये लावण्याचा प्रश्नच नव्हता. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानात ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर मागितला, तेव्हा दुकानदारांनी आपणहून विचारले, “साहेब, मधली पिन प्लस पाहिजे की मायनस?” या यंत्राला मधली पिन ऋण आणि बाहेरचे कडे धन लागते, तर सहज मिळणारे बहुतेक अ‍ॅडॉप्टर नेमके उलटे असतात. त्यांनी दुकानातच मल्टिमीटर लावून खात्री करून दिली, याबद्दल मी त्यांचा मनापासून ऋणी आहे.

केबल मी स्वतः तयार केली. साउंड कार्डाच्या मागे जॉयस्टिकसाठी जे १५ पिनांचे सॉकेट असते, त्यातच मिडीची, म्हणजे संगणकाने वाद्याला सूचना देण्याच्या ठरलेल्या पद्धतीची, सोय केलेली असते. त्यातल्या १२ क्रमांकाच्या पिनेतून निघणारा संदेश २२० ओहमच्या रेझिस्टरमधून मिडी प्लगच्या ५ क्रमांकाच्या पिनेला, १ क्रमांकाच्या पिनेवरचे ५ व्होल्ट तशाच दुसऱ्या रेझिस्टरमधून ४ क्रमांकाच्या पिनेला आणि ग्राउंड मधल्या २ क्रमांकाच्या पिनेला जोडले, की काम झाले. पहिल्या खेपेला मात्र मोड्यूल गप्पच राहिले. मिडीच्या गोल प्लगमधल्या पिना ओळीने मोजल्या तर १, ४, २, ५, ३ अशा येतात; मी त्या १, २, ३, ४, ५ धरून सोल्डर केल्या होत्या. सुदैवाने यंत्राला इजा झाली नाही.

या तारेतून आवाज जात नाही. कोणत्या चॅनलवर कोणता स्वर किती जोराने लावायचा आणि केव्हा सोडायचा, एवढ्याच सूचना जातात. भातखंडे स्वरलिपीतला कागद पेटीवादकापुढे ठेवावा, तसा हा प्रकार आहे. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, आणि एका बाइटला १० बिट लागत असल्याने सेकंदाला ३,१२५ बाइट. एक स्वर लावण्याची सूचना तीन बाइटची असते, म्हणजे तिला जेमतेम एक मिलिसेकंद पुरतो.

केबल दुरुस्त केल्यावरही पहिला खेळ सुरू केला तेव्हा संगीत ऐकू आले नाही. संगणकाला मिडी जोडणाऱ्या रोलँडच्या मूळ एमपीयू-४०१ या यंत्रात स्वतःचा प्रोसेसर होता आणि १९८० च्या दशकातले पुष्कळ खेळ त्याच्या ‘इंटेलिजंट’ पद्धतीवर, म्हणजे सूचनांच्या वेळा त्यानेच सांभाळण्यावर, विसंबून असत. नंतरच्या बहुतेक साउंड कार्डांनी मात्र सूचना जशाच्या तशा पुढे पाठवणारी केवळ साधी ‘यूएआरटी’ पद्धत ठेवली. ही उणीव सॉफ्टएमपीयू नावाचा छोटा प्रोग्रॅम भरून काढतो. तो मेमरीत बसून राहतो, मिडीसाठीच्या ३३० क्रमांकाच्या पोर्टकडे जाणाऱ्या सूचना मधेच अडवतो आणि एमपीयू-४०१ मधल्या प्रोसेसरचे ते काम स्वतः करतो. त्यासाठी ईएमएम३८६ हा डॉसचा मेमरी सांभाळणारा प्रोग्रॅम चालू असावा लागतो आणि काही खेळ त्याच्यासोबत चालत नाहीत, म्हणून त्यांच्यापुरती ही युक्ती चालत नाही.

आता संगीत सुरू झाले, पण लगेच मोड्यूलच्या पडद्यावर बफर ओव्हरफ्लोची, म्हणजे आलेले निरोप ठेवायची जागा भरून गेल्याची, सूचना झळकली. हा भाग मला सगळ्यांत जास्त शिकवून गेला. एमटी-३२ मध्ये १२८ तयार ध्वनी असतात आणि त्यांखेरीज ६४ ध्वनी संगीतकाराला स्वतः घडवता येतात. खेळ सुरू होताना संगणक ते एकेक करून यंत्राला शिकवतो. एका ध्वनीचे वर्णन २४६ बाइटचे असते, म्हणजे सगळे ६४ पाठवायचे तर तारेच्या वेगाने निदान पाच सेकंदे लागणारच. त्या काळचे संगणक मंद असल्याने दोन निरोपांमध्ये आपोआप उसंत मिळत असे. माझा ४८६ त्यांच्या मानाने फार वेगवान असल्याने मोड्यूलला पहिला निरोप पचवायच्या आतच दुसरा येऊन धडकत होता. सॉफ्टएमपीयूमध्ये निरोपांमध्ये मुद्दाम विलंब घालण्याची सोय आहे. ती वापरल्यावर खेळ सुरू व्हायला थोडा अधिक वेळ लागू लागला आणि पडदा शांत झाला. मैफलीआधी तानपुरे जुळेपर्यंत आपण थांबतोच. इथेही तेवढे थांबणे मला योग्य वाटते.

मोड्यूलचे दोन मोठे जॅक कार्डाच्या लाइन-इनला जोडून मी स्पीकर सुरू केला. स्वराचा आरंभीचा आघात नोंदलेल्या खऱ्या नमुन्याचा आणि पुढचा टिकाव कृत्रिम रीतीने घडवलेला, ही या यंत्राची पद्धत बासरीसारख्या ध्वनीत ठळकपणे कळते: फुंकेचा आवाज खरा वाटतो आणि लांबलेला स्वर काचेसारखा स्वच्छ. साउंड कार्डावरच्या, सगळे आवाज कृत्रिम रीतीने घडवणाऱ्या एफएम चिपमधून तीच धून मी वर्षानुवर्षे ऐकली होती. तिच्यात तळाशी एक संथ तंतुवाद्य आहे, हे मला त्या रात्री प्रथमच समजले.

शिकवलेले ध्वनी वीज बंद होईपर्यंत मोड्यूलच्या मेमरीत राहतात. त्यामुळे एका खेळातून बाहेर पडून थेट दुसरा सुरू केला, तर कधी कधी पहिल्याचे ध्वनी दुसऱ्याच्या संगीतात उमटतात. म्हणून प्रत्येक खेळानंतर मी मोड्यूल बंद करून पुन्हा चालू करतो, आणि संगणक नेहमी त्याच्यानंतरच.