चवड्यातली ठणक

सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी म्हणजे यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा. चढानं मला कधी छळलं नाही. उतारावर मात्र उजव्या चवड्याखाली खडा टोचायला लागायचा. बूट काढून झटकावा तर आत काही नाही. मग मधल्या आणि करंगळीशेजारच्या बोटात एकदम करंट मारल्यासारखं व्हायचं, पाठोपाठ दोन्ही बोटं बधिर. बूट-मोजे काढून पाय चोळला की सगळं शांत, त्यामुळे घरी कुणाला खरंच वाटेना. सासूबाईंनी एरंडेल चोळून दिलं. ग्रुपमधल्या एका काकांनी युरिक ॲसिड तपासायला लावलं, ते नॉर्मल निघालं.

शेवटी ऑर्थोपेडिककडे गेले. डॉक्टरांनी एका हातानं चवडा दोन्ही बाजूंनी आवळला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खालून बेचक्याजवळ दाबलं. आत काहीतरी टक्कन सरकलं आणि मी ओरडलेच.

"मॉर्टन्स न्यूरोमा," ते म्हणाले.

न्यूरोमा म्हटल्यावर डोक्यात नको नको ते आलं. माझा चेहरा बघून त्यांनी कागदावर हाडं काढून दाखवली. बोटांकडे जाणारी नस चवड्याच्या दोन हाडांमधून जाते. धावताना टाच उचलली, बोटं वाकली की ती ताणली आणि दाबली जाते. सतत असं होत राहिलं की तिच्याभोवतीचं आवरण जाड होतं. म्हणजे ही कॅन्सरची गाठ नव्हे. फिलाडेल्फियाच्या थॉमस मॉर्टन या सर्जननं १८७६ मध्ये याबद्दल लिहिलं, म्हणून त्याचं नाव. एक्स-रे काढला तो हाडाला बारीक तडा नाही ना, एवढं बघायला. नस त्यात दिसत नाही. ती सोनोग्राफीत दिसली.

"बूट एक नंबर मोठा घ्या" हे सगळेच सांगतात, पण त्यानं मुख्यतः लांबी वाढते. मला हवी होती पुढची रुंदी. दुकानात संध्याकाळी जायचं, कारण तोवर पाय थोडे फुगलेले असतात. बुटातला इनसोल बाहेर काढून त्यावर उभं राहायचं. चवडा कडेबाहेर गेला तर तो बूट परत. लेडीज सेक्शनमधले सगळे असे परत गेले. जेन्ट्समधला बसला. रंग भयंकर आहे, पण घाटात कोण बघतंय!

इनसोलवर चिकटवायच्या छोट्या उशीसारख्या पॅडची मात्र खरी गंमत. दुखतं तिथंच पॅड लावावंसं वाटतं आणि तसं लावलं तर दुखणं वाढतं. तो चवड्याच्या हाडांच्या डोक्यांमागे, टाचेच्या बाजूला यायला हवा, म्हणजे हाडं जरा उचलली जाऊन फाकतात. जागा अचूक मिळावी म्हणून फिजिओनं लिपस्टिक सुचवली होती. मी दुखऱ्या जागेवर ओलं कुंकू लावलं, इनसोलवर पाय ठेवून उभी राहिले आणि उमटलेल्या ठिपक्याच्या मागे पॅड चिकटवला. पहिले काही दिवस तो नुसता बोचला. मग एकदा घाट उतरून खाली आले तेव्हा लक्षात आलं, आज बूट काढावा लागला नव्हता.

लेस ओवताना बोटांकडची पहिली भोकं मी सोडून देते. पोटऱ्या ताणायचे व्यायाम रोज. त्या आखडल्या की भार चवड्यावर येतो. एवढ्यानं भागलं नसतं तर पुढे स्टेरॉइडचं इंजेक्शन होतं आणि अगदीच शेवटी ऑपरेशन. त्यात बहुधा नसेचा तो भागच काढतात आणि बोटांमधली जागा कायमची बधिर राहू शकते. तिथवर जावं लागलेलं नाही. लांबच्या उतारावर अजून कधीतरी कळ येते. तेव्हा थांबते, लेस सैल करते आणि पुढे निघते.