मलाक्काच्या पोर्तुगीज वस्तीत सान पेद्रोचा सण

मलेशियात क्वालालंपूरमधले दिवस मॉल आणि मेट्रोत गेले. मलाक्कातही जाँकर स्ट्रीटची गर्दी आणि मोठ्यानं गाणी लावून फिरणाऱ्या सायकलरिक्षा मला मुळीच मानवल्या नाहीत. मी गेले होते ती 29 जूनच्या सान पेद्रोच्या, म्हणजे कोळ्यांचा पाठीराखा असलेल्या सेंट पीटरच्या सणासाठी.

आमच्या अलिबागच्या बाजूला कोर्लईत, किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारी कॅथलिक मंडळी पोर्तुगीजमधून घडलेली बोली अजून घरात बोलतात. तशीच एक बोली, क्रिस्तांग, मलाक्कातले कोळी बोलतात हे कळल्यापासून तिथे जायचं मनात होतं. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. पोर्तुगीज शिपाई-खलाशांची स्थानिक बायकांशी लग्नं झाली, त्यांचे हे वंशज.

1641 मध्ये डच आले आणि कॅथलिकांना उघडपणे मिस्सा करणंही अवघड झालं. तरी यांनी धर्म सोडला नाही. 1710 मध्ये सेंट पीटर्स चर्च उभं राहिलं, ते आजही चालू आहे. त्याची घंटा 1608 साली गोव्यात ओतलेली. टेकडीवरच्या सेंट पॉलच्या पडक्या चर्चमध्ये तर फ्रान्सिस झेवियरचा देह 1553 मध्ये काही महिने पुरलेला होता. तिथूनच तो गोव्याला नेला. जुन्या गोव्यात शवदर्शनाला रांग लावणाऱ्या किती जणांना ही मधली मुक्कामाची जागा ठाऊक असेल?

पोर्तुगीज वस्ती शहरापासून जरा लांब, समुद्राला लागून आहे. विखुरलेल्या गरीब कोळ्यांना एकत्र राहता यावं म्हणून 1930 च्या दशकात दोन पाद्र्यांच्या खटपटीतून सुमारे 28 एकर जागा मिळाली. गल्ल्यांना अल्बुकर्क, सेक्वेरा, तेशेरा अशी नावं. दारांवर क्रूस, ओसरीत मारियेची मूर्ती आणि पाट्यांवर परेरा, लोपेझ, डिमेलो. वसईतल्या एखाद्या आळीत शिरल्यासारखं वाटलं.

एका घरासमोर होडीला पताका बांधत बसलेल्या म्हाताऱ्या अंकलनी मला खुर्ची दिली. सावळा रंग, अस्खलित मलय. "बाजारात लोक मला मलयच समजतात," ते म्हणाले. पण या देशाच्या घटनेत मलय म्हणजे मुसलमान असंच लिहिलेलं आहे. तेव्हा पाचशे वर्षं इथेच राहून, इथलंच खाऊन-बोलूनही हे 'सेरानी', म्हणजे मिश्र वंशाचे ख्रिस्ती. देशात ख्रिस्ती शंभरात नऊ, त्यातले बहुतेक पलीकडे बोर्निओत, सबाह-सारावाकमध्ये. शेजाऱ्यांबद्दल मात्र अंकलची काहीच तक्रार नव्हती. नाताळात त्यांचे शाळेतले मलय मित्र अजून घरी येतात. तक्रार होती ती समुद्राची.

पूर्वी घरातून निघालं की पाणी. अंकल कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून दोन बांबूंचं जाळं पुढे ढकलत जवळा धरायचे. त्याचंच चिंचालोक, म्हणजे खारवलेला जवळा, मुरवून विकायचं, त्यावर पोरांची शिक्षणं झाली. मग मोठमोठ्या बांधकामांसाठी किनाऱ्यालगत भराव पडत गेला. पाणी गढूळ झालं, गाळ साचला, जवळा गेला. "मुलगा सिंगापूरला नोकरी करतो. जाळं आहे अजून, मागे टांगलंय." हे सांगताना त्यांचे हात पताकांच्या गाठी मारतच होते. मला फार राग आला. डचांना जे जमलं नाही ते मातीचे ट्रक करतायत, असं मी म्हणून बसले. अंकल नुसते हसले आणि आतून जेवायला हाक आली.

करी देबाल होती. व्हिनेगर, मोहरी, भरपूर लाल मिरची. आपल्या विंदालूच्या गोतातली, पण जास्त जहाल. पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की यांना चैन पडत नाही. वसईतही हेच. रांगेत उभं राहून घेतलेलं हॉटेलातलं नावाजलेलं जेवण मला त्यापुढे आठवतही नाही.

संध्याकाळी मिस्सा झाली. मग पाद्री सजवलेल्या होड्यांवर तीर्थ शिंपडत गेले. काही होड्यांवर पेद्रोचं चित्र, काहींवर नुसते दिव्यांचे हार. बरीचशी घरं आता मासेमारीवर चालत नाहीत, तरी होडी सजवतात. अंकलची होडी आली तेव्हा त्यांनी टोपी काढली आणि पुढे होऊन लाकडावर हात ठेवला. माझे डोळे भरून आले. कुणी काही म्हणो, हा सण पर्यटन खात्याच्या कार्यक्रमपत्रिकेत बसवायची गोष्ट नाही.

कारण रात्री नेमकं तेच होतं. स्टेज, कानठळ्या बसवणारे स्पीकर, खाण्याच्या स्टॉलांसमोर धक्काबुक्की. ब्रान्यो नाच सुंदर होता, पण पुढे मोबाइल धरलेल्या हातांतून दिसेल तेवढाच. तुम्ही जाणार असाल तर दुपारीच वस्तीत पोचा, होड्या रंगवणाऱ्यांशी बोला, आणि घरगुती चिंचालोकची बाटली विकायला ठेवलेली दिसली तर घासाघीस न करता घ्या.