तुम्ही विचारलंत म्हणून: घरचा गन्ज टँक

माझा गन्ज टँकचा व्हिडिओ बघून झाला की दोन प्रश्न हमखास येतात. हा टँक घरी बांधता येतो का? आणि तो सुरक्षित असतो का? पहिल्याचं उत्तर सरळ ‘हो’ आहे. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही टँक कुठून बांधायला घेता यावर ठरतं. बहुतेक जण वरून सुरुवात करतात: किती लिटरचं पिंप, किती उंचीवर, दोरी कुठून ओढायची. मी खालून सुरुवात करते, आणि पिंपापर्यंत सगळ्यात शेवटी पोचते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: खुर्चीत एक माणूस बसतो, त्याच्या डोक्यावर टाकी असते, आणि खटका दाबला की रंगीत, बुळबुळीत स्लाइम त्याच्या अंगावर येतं. ब्रिटिश टीव्हीवर ‘नोएल्स हाउस पार्टी’ने (बीबीसी, 1991 ते 1999) हा खेळ घराघरात नेला. त्याआधी 1979 मध्ये कॅनडात सुरू झालेल्या मुलांच्या एका कार्यक्रमात ‘मला माहीत नाही’ असं म्हणणाऱ्यावर हिरवं स्लाइम पडायचं. पुढे निकलोडियन वाहिनीने ते हिरवं स्लाइम आपली ओळखच करून टाकली. पडद्यावर हे सगळं पोरखेळ वाटतं, कारण कॅमेऱ्यामागे उभी असलेली माणसं दिसत नाहीत. आणि ती असूनही अपघात होतात. ‘नोएल्स हाउस पार्टी’चे सूत्रधार नोएल एडमंड्स यांच्या आधीच्या कार्यक्रमाच्या तालमीत 1986 मध्ये एका स्वयंसेवकाचा मृत्यू झाला. तो स्टंट उंचावरून उडी मारण्याचा होता, स्लाइमशी त्याचा संबंध नव्हता. पण सुटला होता तो दोरीचा हुक. कार्यक्रम बंद करण्यात आला. माणसाच्या डोक्यावर टांगलेली कोणतीही वस्तू एकाच हुकाच्या भरवशावर ठेवू नये, हे माझ्या मनात तेव्हापासून पक्कं बसलंय, जेव्हा मी ही हकीकत वाचली.

तर खालून. आधी निचरा. खुर्चीभोवती काच किंवा प्लास्टिकचं खोकं करायचा मोह आवरा. तीन बाजू पुरतात, समोरची उघडी ठेवा. खोकं हवंच असेल तर तळाशी हात जाईल एवढी मोठी भोकं आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं दार हवं, कडी न लावलेलं. स्लाइम पाण्यासारखं वाहून जात नाही, बारीक जाळीवर ते तुंबून बसतं. मग खुर्ची: पाय जमिनीला पूर्ण टेकतील एवढी बुटकी, तळाशी घट्ट केलेली, हात मोकळे. पट्टा नाही, बांधणं नाही, गंमत म्हणूनही नाही. खुर्चीपासून कोरड्या जागेपर्यंत रबरी जाळीची चटई अंथरा. या खेळात पाय घसरून पडणं हीच सगळ्यात सहज होणारी इजा आहे आणि ती बहुधा शूटिंग संपल्यावर, हसत हसत उठताना होते.

चौकटीबद्दल फार लिहीत नाही, सुताराला विचाराल तर तो माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. दोनच गोष्टी बघा. वजन लाकडावर बसलेलं असावं, स्क्रूवर लटकलेलं नसावं. म्हणजे टाकी आडव्या फळीवर टेकलेली हवी आणि सांध्यांना आरपार जाणारे नट-बोल्ट हवेत. आणि चारही बाजूंना तिरपे टेकू हवेत, कारण सगळं वजन वर असलेली चौकट आधी डुलते आणि मग कलते. वीस लिटर स्लाइम म्हणजे वीस किलो, वर टाकीचं वजन वेगळं. त्याच्या तिप्पट वजनाच्या वाळूच्या पिशव्या वर ठेवून चौकट रात्रभर तशीच राहू द्या. शिवाय टाकीला चौकटीशी जोडणारी एक वेगळी साखळी लावा. सगळं निसटलं तरी स्लाइम पडेल, टाकी पडणार नाही.

आता तो खटका. लोकांना एकदम ‘धबाक्’ असा आवाज हवा असतो. थोडा हिशेब करू. वीस लिटर स्लाइम डोक्याच्या अर्धा मीटर वरून सोडलं तर डोक्यावर पोचताना त्याचा वेग सेकंदाला साधारण तीन मीटर असतो. ते पाच सेकंदांत ओतलं तर डोक्यावर सरासरी सव्वा किलोच्या आसपास भार येतो. तेच अर्ध्या सेकंदात सोडलं तर भार दहापट, म्हणजे तेरा किलोच्या घरात जातो. टाकी आणखी अर्धा मीटर वर नेली तर अठरा किलो. मान ताठ ठेवून बसलेल्या, वर बघायची हुक्की आलेल्या माणसाच्या डोक्यावर एकाएकी अठरा किलो! स्लाइम तेच आणि तेवढंच. फरक फक्त उंचीचा आणि घाईचा.

गंमत अशी की कॅमेऱ्यालाही हीच घाई नको असते. अर्ध्या सेकंदात पडलेलं स्लाइम उसळून भिंतींवर जातं, बसलेला माणूस डोळे मिटून आक्रसतो, आणि फ्रेममध्ये नुसता रंगाचा फटकारा उरतो. खांद्यांच्या रुंदीची धार संथपणे उतरली तर चेहरा बदलताना दिसतो, आणि लोक तोच तर बघायला आलेले असतात. म्हणून मी पिंपाला झडप लावत नाही. आडवी, अर्धगोल पन्हळ, मधोमध आस, एका बाजूला लांब दांडा. दांडा धरणारा माणूस पन्हळ कलती करतो. झडप एकदा उघडली की उघडली, पण दांडा अर्ध्यात थांबवता येतो आणि मागेही घेता येतो. कुठलाही खटका निवडताना मी एवढंच विचारते: हे मध्येच थांबवता येतं का? पन्हळ उलटी होऊ नये म्हणून पुढे एक अडसर आणि भरताना ती हलू नये म्हणून आडवी खिळ हवी. खिळ काढायची ती माणूस बसून, त्याने मान डोलावल्यावर. पहिली चाचणी रिकाम्या खुर्चीवर साध्या पाण्याने करा. पाणी स्लाइमपेक्षा वेगाने येतं, त्यामुळे खोट असली तर तिथेच कळते.

स्लाइम कशाचं? टीव्हीवाले हायड्रॉक्सिएथिल सेल्युलोज ही पाणी घट्ट करणारी पूड वापरत आले आहेत. घरी झँथन गमही चालतो, लिटरला पाच ते आठ ग्रॅम. त्याचा गुण असा की हलवलं की पातळ होऊन वाहतं, थांबलं की अंगावर घट्ट बसतं. पूड पाण्यात एकदम टाकली तर गुठळ्या होतात. आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवून मग ढवळत्या पाण्यात सोडा, आणि शेवटी गाळून घ्या. मिसळताना मास्क लावा. कच्चा कॉर्नस्टार्च घट्ट कालवून मात्र मुळीच वापरू नका. तो दाबाखाली कडक होतो, आदळला तर जवळजवळ घन वस्तूसारखा लागतो. शिवाय ठेवला की तळाशी थिजून बसतो आणि ढेकळाने खाली येतो. वॉलपेपरच्या डिंकात बऱ्याचदा बुरशीनाशक असतं, तो नको. बोरॅक्सचं (टाकणखाराचं) स्लाइम हाताने खेळायचं, तेही जपून; डोळ्यातोंडावर ओतायचं नव्हे. दूध, अंडी, दाणे असलेलं काहीही घालू नका, समोरच्याला कशाची ॲलर्जी आहे हे अनेकदा त्यालाही ठाऊक नसतं.

तापमान थर्मामीटरने बघा: 35 ते 37 अंश. गार स्लाइम डोक्यावर आलं की माणूस नकळत जोरात श्वास आत ओढतो, आणि नेमकं तेव्हाच नाकातोंडावर स्लाइम असतं. गरम पाणी घातलं असेल तर पुन्हा नीट ढवळा, घट्ट पदार्थात गरम कप्पे राहून जातात.

बसणाऱ्याने कॉन्टॅक्ट लेन्स काढायच्या, पोहण्याचा चष्मा लावायचा, हनुवटी किंचित खाली घ्यायची. तोंड बंद असल्यामुळे ‘थांबा’ ओरडता येत नाही, म्हणून खूण हाताची: हात वर गेला की दांडा मागे. स्वच्छ पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन एक जण हाताच्या अंतरावर उभा राहतो, आणि त्याने शूटिंग करायचं नाही. कुणाला न सांगता त्याच्यावर ओतायचं तर माझा साफ नकार असतो. बेसावध माणूस वर बघतो, तोंड उघडतो आणि उडी मारून पळतो. लहान मुलांना टँकखाली बसवत नाही, त्यांना एकेक छोटा मग भरून एकमेकांवर ओतू द्या, त्यांना तेवढं पुरतं. दिवे बॅटरीवरचे; प्लगची वायर ओल्यात येणार असेल तर शूटिंग नाही.

आणि धुणं, ज्याबद्दल कुणीच विचारत नाही. आधी वायपरने ओढून बादल्यांत भरा, भरपूर पाण्याने पातळ करा, केस आणि गुठळ्या चाळणीत अडवा, मग थोडं थोडं मोरीत सोडा. पाणी शोषून फुगणाऱ्या जेलची पूड वापरली असेल तर आधी मीठ घाला, जेल मोडून पातळ होतं. तसंच ओतलं तर पाइप तुंबतो. उरलेलं स्लाइम पुढच्या व्हिडिओला ठेवता येईल का, असं कुणीतरी विचारतंच. वापरलेलं नाही. न वापरलेलंही झाकून ठेवलं तर आंबायला लागतं, आणि तो वास पन्हळीला आठवडाभर सोडत नाही.